२४ तासांची लघवी आणि किडनीच्या इतर तपासण्या: डबा नेण्याआधी हे वाचा

चिठ्ठीवर केएफटी असो की आरएफटी, तपासणी एकच: किडनीचं काम कसं चाललंय ते पाहणारी. रक्तातलं युरिया, क्रिएटिनिन (दोन्ही किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा) आणि बहुधा सोडियम-पोटॅशियम त्यात येतात. सोबत उपाशीपोटीची साखर नसेल तर चहा-नाश्ता करून आलात तरी चालेल. फक्त आदल्या रात्री मटणावर आडवा हात मारू नका, त्याने क्रिएटिनिन थोडं वर जातं. जिमला जाणाऱ्यांनी क्रिएटिनची पावडर चालू असेल तर सॅम्पल देतानाच सांगावं.

‘तिकडच्या लॅबमध्ये १५ आलं होतं, तुमच्याकडे ३२ कसं?’ हा प्रश्न काउंटरवर रोजचाच. काही लॅब बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन छापतात, आम्ही अख्खं युरिया छापतो. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतं, म्हणजे १५ आणि ३२ एकच. जुना रिपोर्ट आणलात तर आम्ही लगेच ताडून दाखवतो.

क्रिएटिनिनचा आकडा एकटा पाहू नका. १.२ हा आकडा २५ वर्षांच्या तरुणाचा असेल तर ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज) सुमारे ८६ येतो, ७० वर्षांच्या आजींचा असेल तर ४९ च्या आसपास. रक्तातला आकडा तोच, पण आजींची किडनी बरंच कमी गाळते आहे. म्हणून आमच्या प्रत्येक क्रिएटिनिन रिपोर्टवर ईजीएफआर असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नोंदणी करताना वय अंदाजे सांगू नका, ते या हिशोबात धरलं जातं. ईजीएफआर एकदा ६० च्या खाली आला म्हणून घाबरूनही जाऊ नका. तो तीन महिन्यांहून जास्त काळ खालीच राहतो का, हे डॉक्टर पाहतात.

आता २४ तासांची लघवी साठवायच्या डब्याविषयी. सगळा घोळ इथेच होतो.

सकाळी ७ ला सुरुवात करायची तर ७ वाजताची लघवी डब्यात घ्यायची नाही, संडासात जाऊ द्यायची. ती रात्रभर साठलेली, म्हणजे आदल्या दिवसाच्या हिशोबातली. डब्यावरच्या चिठ्ठीवर ७ ही वेळ लिहा. त्यानंतर दिवसाची, रात्रीची प्रत्येक लघवी डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी ७ वाजताची शेवटची, तीसुद्धा डब्यात. बरेच जण दोन्ही सकाळच्या धरतात. मग २४ ऐवजी तीस-बत्तीस तासांची लघवी जमते आणि प्रोटीन उगाच वाढलेलं दिसतं. उलटही होतं: मध्येच लग्नाला जाऊन आलात किंवा संडासला बसलात, की तेवढी लघवी गेली. आधी भांड्यात लघवी, मग संडास, एवढं एक दिवस सांभाळा. जमल्यास घरीच राहा.

डबा आमच्याकडूनच न्या, कोल्ड्रिंकची बाटली नको. स्टोनच्या तपासणीसाठी कधीकधी डब्यात आधीच थोडं अ‍ॅसिड घातलेलं असतं. ‘आत पाणी राहिलंय’ म्हणून काहीजण डबा स्वच्छ विसळून टाकतात! विसळू नका, आणि थेट डब्यात लघवी करू नका. भांड्यात घेऊन जपून ओता. डबा थंड ठेवायचा. फ्रिजमध्ये नको वाटत असेल तर बर्फाच्या बादलीत ठेवा. आणताना पूर्ण डबा आणा. एकूण किती मिली भरली हे मोजल्याशिवाय दिवसाचं प्रोटीन काढता येत नाही, त्यामुळे त्यातली थोडी छोट्या बाटलीत आणून उपयोग नाही.

डबा देताना आम्ही उलटतपासणी घेतो, अशी तक्रार असते. विचारावंच लागतं. शिवाय डब्यातलं क्रिएटिनिनही आम्ही मोजतो. ६० किलोचा, बऱ्यापैकी अंगापिंडाचा पुरुष दिवसाला साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम बाहेर टाकतो. डब्यात ६०० च निघालं तर उरलेली लघवी बहुधा दुसरीकडे गेली, हे उघड आहे. अशा वेळी आम्ही रिपोर्ट न छापता फोन करतो. एक दिवस वाया जातो, राग येतो, मान्य. पण याच आकड्यावरून डॉक्टर औषध ठरवणार असतात. दुसऱ्या डब्याचे पैसे आम्ही घेत नाही.

मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा होणाऱ्या एसीआर तपासणीला (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) डबा लागत नाही, एक छोटी बाटली पुरते. मात्र इथे सकाळची पहिलीच लघवी उत्तम. डब्याचा नियम इथे लावू नका! एसीआर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या आत असेल तर ठीक. ताप, लघवीची जळजळ, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर थोडे दिवस थांबून द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. डबा सांगितला असेल तरी एसीआरवर भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आमचं बिल कमी होईल, पण तुमचा दिवस वाचेल. एसीआर आणि क्रिएटिनिन एकत्र करून घेता येतात, आणि ज्येष्ठांसाठी आमचा माणूस घरी येऊन रक्त आणि बाटली दोन्ही घेऊन जातो.

शनिवारी सकाळी डबा सुरू करू नका. तो रविवारी भरतो, आणि रविवारी लॅब बंद असते.