कर्कटकाचा हरवलेला जोडीदार

शाळेच्या कंपासपेटीत कर्कटक असायचं. दोन्ही पायांना टोकं, पेन्सिल लावायला जागा नाही. पट्टी, गुण्ये, कोनमापक, कंपास यांची कामं ठरलेली. कर्कटक मात्र बाकावर नाव कोरण्यासाठीच दिलंय, असा आमच्या वर्गाचा समज होता. रेघेची लांबी उचलून पट्टीवर मोजायला ते एखाद्या वेळी बाहेर निघे. पण लांबी पट्टीनेच मोजता येते, मग हे कशाला?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली एखादी इंग्रजी कंपासपेटी पाहिली की उलगडा होतो. तिच्यात बहुतेक वेळा हस्तिदंताची किंवा पितळेची, सहा इंची, बिजागरीवर उघडणारी एक जोडपट्टी असते. तिला सेक्टर म्हणत. आपल्या पेटीतून ती गेली आणि कर्कटक एकटं उरलं.

सेक्टरच्या दोन्ही पट्ट्यांवर बिजागरीपासून निघणाऱ्या सारख्याच रेघा आणि सारख्याच खुणा असतात. समजा, कागदावरच्या एका रेघेचे पाच समान भाग करायचे आहेत. रेघ किती सेंटिमीटरची आहे, हे ठाऊक असायची गरज नाही. कर्कटकाने तिची लांबी उचलायची. दोन्ही पट्ट्यांवरच्या १०० च्या खुणांवर कर्कटकाची टोकं बरोबर टेकतील इतका सेक्टर उघडायचा. आता पट्ट्या न हलवता २० ते २० हे अंतर उचललं की झाला पाचवा भाग. यामागे आहेत नववी-दहावीतले समरूप त्रिकोण. बिजागरी हा शिरोबिंदू, पाया उघडू तेवढा.

खरी गंमत पुढच्या रेघांत आहे. काही रेघांवरच्या खुणा समान अंतरावर नसतात. त्या वर्गमुळांच्या किंवा घनमुळांच्या प्रमाणात पाडलेल्या असतात. दुप्पट व्यासाचा लाडू वजनाला आठपट भरतो, आणि तोफगोळ्याचंही तसंच. दहा पौंडी गोळ्याचा व्यास माहीत आहे, वीस पौंडी गोळा केवढा असेल? घनमुळांच्या रेघेवर १० ते १० मध्ये तो व्यास बसवा, २० ते २० उचला. घनमूळ हा शब्दही न ऐकलेल्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने घनमूळ काढलं!

असं उपकरण गॅलिलिओने १५९७ च्या सुमारास पादुआत तयार केलं. दुर्बीण आकाशाकडे वळवण्याच्या बारा वर्षं आधी. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती, त्याच्या जवळपासची साधनं इटलीत आधीही होती. पण गॅलिलिओला पैशांची निकड होती. वडील वारले होते, बहिणीच्या हुंड्याचा बोजा होता आणि प्राध्यापकाचा पगार पुरत नव्हता. १५९९ मध्ये त्याने मार्कअँतोनियो मात्सोलेनी या कारागिराला कुटुंबासह स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मात्सोलेनी पितळेची उपकरणं घडवायचा, गॅलिलिओ ती विकायचा आणि वापर शिकवण्याची वेगळी फी घ्यायचा. कमाई उपकरणापेक्षा शिकवणीत जास्त. १६०६ मध्ये त्याने वापराची पुस्तिका छापली, फक्त साठ प्रती, आणि त्यात उपकरणाचं चित्रच दिलं नाही. नक्कल होऊ नये म्हणून. तरी पुढच्याच वर्षी बाल्दासार काप्रा नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये पुस्तक काढून ते उपकरण आपल्या नावावर खपवायचा प्रयत्न केला. गॅलिलिओने तक्रार केली आणि खटला जिंकला.

तिकडे लंडनमध्ये टॉमस हूडने १५९८ मध्येच सेक्टरवर पुस्तक लिहिलं होतं. त्याच्यासाठी उपकरण घडवणारा कारागीर चार्ल्स व्हिटवेल. १६२३ मध्ये एडमंड गंटरने सेक्टरवर त्रिकोणमितीच्या रेघा आणल्या आणि तो खलाशांच्याही कामाचा झाला.

या साऱ्या हुशारीचा जीव मात्र खुणा पाडणाऱ्याच्या हातात. एक खूण केसभर सरकली की उत्तर चुकलं, आणि प्रत्येक खूण हाताने पाडायची. हे काम यंत्रावर नेण्यात मोठा वाटा लंडनच्या जेसी रॅम्सडेनचा. १७७५ च्या सुमाराच्या त्याच्या वर्तुळ विभागणाऱ्या यंत्राच्या चाकाला २१६० दाते होते, म्हणजे दात्यांत बसणाऱ्या स्क्रूच्या एका फेऱ्यात चाक बरोबर १० मिनिटांचा, अंशाच्या सहाव्या भागाइतका, कोन फिरे. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी नेमलेल्या ब्रिटिश सरकारच्या रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले, पण अट घातली: इतर कारागिरांच्या उपकरणांवरही ठरलेल्या दराने खुणा पाडून द्यायच्या. सरळ रेघा विभागणाऱ्या त्याच्या यंत्राचं वर्णन १७७९ मध्ये छापून आलं. अशा यंत्रांची मला गॅलिलिओच्या चातुर्याहून जास्त अपूर्वाई वाटते.

सेक्टरकडून दोन-तीन अंकांपलीकडची अचूकता मागू नये. गुणाकार-भागाकार सोपे करणाऱ्या लॉगॅरिदम आणि सरकपट्टीने (स्लाइड रूल) त्याचं काम हळूहळू काढून घेतलं, तरी सवयीपोटी तो पेट्यांत पुष्कळ काळ टिकला. काही हस्तिदंती सेक्टरवर ठरावीक खुणांपाशी बारीक पितळी ठिपके बसवलेले दिसतात. कर्कटकाची टोकं पुन्हा पुन्हा तिथेच टेकायची. नुसत्या हस्तिदंताला भोकं पडली असती.