डोळे झाकून क्लिक केलं, तरी 'चिंता' निघते

चिंता मोजायला जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे, जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी आवरेनाशी झाली का, असे सात प्रश्न. 'अजिबात नाही'ला ० गुण, 'जवळजवळ रोज'ला ३. बेरीज १० किंवा जास्त आली की चिंता किमान मध्यम पातळीची धरतात.

आता हीच प्रश्नावली न वाचता भरून पाहा. ० ते ३ आकड्यांच्या चार चिठ्ठ्या करा, प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून एक उचला, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका. एका प्रश्नाला सरासरी दीड गुण, म्हणजे सात प्रश्नांचे १०.५. तुम्ही कितीही निवांत असा, निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही चिंताग्रस्तांत मोडाल.

मानसशास्त्राचे प्रयोग ऑनलाइन होऊ लागल्यापासून हा हिशेब फार महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी प्रयोगाला माणूस प्रयोगशाळेत यायचा, समोर संशोधक बसलेला असायचा. २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनचं मेकॅनिकल टर्क हे छोटी ऑनलाइन कामं देणारं संकेतस्थळ आलं, २०१४ मध्ये तसंच प्रोलिफिक, आणि थोड्याशा मोबदल्यात शेकडो लोक घरबसल्या प्रयोगांत भाग घेऊ लागले. घरी काय चाललंय ते संशोधकाला दिसत नाही. कोणाचं मूल रडत असतं, कोणी टीव्हीसमोर बसून कळ दाबत असतं.

सुरुवातीला शंका घेतली गेली ती यंत्रांवर. संगणकाचा साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंदांपेक्षा बारीक वेळ तो दाखवूच शकत नाही. कीबोर्डचा उशीर वेगळाच. पण हिरव्या शाईत लिहिलेल्या 'लाल' या शब्दाचा रंग सांगताना आपण अडखळतो, तो स्ट्रूप परिणाम २०१३ मध्ये मेकॅनिकल टर्कवरही स्वच्छ मिळाला. शब्द निमिषभर झळकवून लगेच झाकायचा असतो, असे प्रयोग मात्र नीट जमले नाहीत. एकंदरीत यंत्रांनी बरीच साथ दिली. खरी अडचण लक्षाची आहे.

त्यावर बरेच दिवस एक समजूत होती, आणि ती दिसायला अगदी सरळ आहे: काही लोक कसंतरी उरकणारच, त्यांच्यामुळे आकडे थोडे धूसर होतील, माणसं वाढवली की चित्र स्पष्ट होईल. प्रिन्स्टन विद्यापीठातले सॅम झोरोविट्झ, याएल नीव्ह आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की प्रकार उलटा आहे.

कल्पना करा, पडद्यावर दोन खोकी आहेत. एकातून जास्त वेळा बक्षीस निघतं, आणि मध्येच, काही न सांगता, दोन्हींचं नशीब बदलतं. लक्ष देणारा थोडं चुकून सावरतो आणि दुसऱ्या खोक्याकडे वळतो. नुसती कळ दाबणारा काहीच शिकत नाही. हाच माणूस प्रश्नावलीतही नुसती कळ दाबतो. बहुतेकांचे गुण तिथे अगदी कमी असल्यामुळे त्याचे १०.५ उंच उठून दिसतात. दोन्ही आकडे शेजारी मांडले की निष्कर्ष तयार: चिंता जास्त, शिकण्याची क्षमता कमी! प्रत्यक्षात चिंतेचा इथे काही संबंधच नाही. एकूण ७७९ लोकांच्या दोन गटांत हा आभास त्यांना सापडला. आणि माणसं वाढवली की असा खोटा संबंध 'सिद्ध' होण्याचा धोका कमी न होता वाढतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात हादरवणारी वाटते. एखाद्या आजाराबद्दलची चुकीची समजूत अशा आकड्यांच्या बळावर उभी राहिली, तर तिचे परिणाम खऱ्या रुग्णाला भोगावे लागतात.

उपाय साधा आहे. प्रश्नावलीच्या मधोमध एक अशक्य प्रश्न पेरायचा: '१९७७च्या ऑलिम्पिकची तुम्हाला किती दिवस काळजी वाटली?' १९७७ मध्ये ऑलिम्पिक झालंच नव्हतं. 'जवळजवळ रोज' म्हणणाऱ्याने प्रश्न वाचलेला नसतो. अशांना वगळल्यावर तो खोटा संबंध नाहीसा झाला. केवळ खेळातल्या कामगिरीवरून माणसं गाळून तेवढा उपयोग झाला नाही.

तशी गाळणी लावणं मला अन्यायाचंही वाटतं. खिन्न माणसाचं मन खरोखरच थाऱ्यावर नसतं, उत्तरं उशिरा येतात, खेळात तो मागे पडतो. त्यालाच वगळलं तर अभ्यास करायचा कोणाचा? सूचना न कळणं म्हणजेही बेफिकिरी नव्हे. २०१० मधल्या एका पाहणीत मेकॅनिकल टर्कवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक भारतातले होते. घरी मराठी किंवा तमिळ बोलणाऱ्या माणसापुढे अर्धं पान इंग्रजी सूचना टाकून पुढे त्याला निष्काळजी ठरवणं बरोबर नाही. आधी सरावाची फेरी द्यावी, सूचना समजल्या का ते दोन प्रश्नांत विचारावं, प्रयोग आटोपशीर ठेवावा, वेळेचे रास्त पैसे द्यावेत. आणि कोणाची उत्तरं वगळायची याचा नियम आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवावा, कारण एकदा आकडे दिसले की आपल्याला हव्या त्या निष्कर्षाच्या आड येणारा प्रत्येक जण बेफिकीर वाटायला लागतो.