रंगीत अंड्यांची परसकोंबडी : मुंबईतील पैदास

अंड्याच्या कवचाचा रंग आणि पक्ष्याचा माणसाळूपणा या दोन गुणांसाठी जोड्या निवडून केलेली घरगुती पैदास. मांस किंवा अंड्यांची संख्या हे तिचे मुख्य उद्दिष्ट नसते. मुंबईत ‘परस’ हा शब्द सैलपणे घ्यावा लागतो : कोळीवाडे, गावठाणे, आरेतील पाडे, बैठ्या घरांमागची चिंचोळी जागा, जिथे एक खुराडे आणि रात्री झाकायला एक डालगे मावते, ते परस.

कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, मुळात पांढरे. ते तयार होण्यास सुमारे २० तास लागतात. या काळात कवचग्रंथीत दोन रंगद्रव्ये मिसळू शकतात. बिलिव्हर्डिन निळे असून कवचाच्या सबंध जाडीत भिनते. प्रोटोपॉर्फिरिन तपकिरी असून ते बहुतांशी अखेरीस, वरच्या थरांत बसते. म्हणूनच तपकिरी अंडे फोडल्यास कवच आतून पांढरे दिसते, निळे मात्र आतूनही निळेच. हिरव्या अंड्यासाठी तिसरे रंगद्रव्य लागत नाही. निळ्या कवचावर तपकिरी लेप चढला की हिरवा, आणि लेप गडद असला की शेवाळी रंग येतो. कवचाच्या रंगाचा पोषणमूल्याशी संबंध नाही. बलकाचा पिवळेपणा खाद्यावर अवलंबून असतो.

निळ्या अंड्याचे मूळ हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग. स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञ साल्व्हादोर कास्तेल्यो यांनी १९१४ मध्ये चिलीत अशा कोंबड्या पाहिल्या व १९२१ च्या हेग येथील जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांची माहिती मांडली. कानाजवळ पिसांचे झुबके, शेपटीचा अभाव आणि निळे अंडे हे सारे एकाच पक्ष्यात पाहून त्यांनी ती निराळी प्रजातीच मानली होती. पुढे त्यांनीच हे मत सुधारले. अरौकाना या नावाने आज ओळखली जाणारी कोंबडी हीच. केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ मध्ये निळा रंग एकाच प्रभावी जनुकामुळे येतो असे दाखविले.

ही कोंबडी कोलंबसापूर्वी पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत आली असावी, असा एक पक्ष आहे. चिलीतील एल अरेनाल येथे सापडलेल्या व अंदाजे चौदाव्या शतकातील मानल्या गेलेल्या कोंबडीच्या हाडाचा आधार २००७ पासून त्यासाठी दिला जातो. त्या कालनिश्चितीवर आणि जनुकीय निष्कर्षावर नंतर आक्षेप घेतले गेले. चीनमध्येही (डोंगशियांग, लुशी) निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या असल्याने काहींनी दोहोंचे नाते जोडले होते. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा रंग एका पुरातन विषाणूचा अंश पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकाशेजारी घुसल्यामुळे उद्भवतो. चिनी व दक्षिण अमेरिकी कोंबड्यांत घुसण्याची जागा वेगवेगळी आहे. तेव्हा हा गुण दोनदा स्वतंत्रपणे उपजला हे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि निळ्या अंड्यावरून समुद्रप्रवास सिद्ध करणे अवघड ठरते.

प्रत्यक्ष पैदाशीत अडचण कोंबड्याची असते. तो अंडे घालत नाही, त्यामुळे त्याच्यातील रंगाचा गुण त्याच्या तलंगा (वयात येणाऱ्या माद्या) अंडी घालू लागल्यावरच कळतो. अरौकानापासून आलेल्या वंशात वाटाणा तुरा (बारीक उंचवट्यांच्या तीन ओळींचा बुटका तुरा) व निळा रंग यांची जनुके गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने संकरित पिल्लांत तुऱ्यावरून अंदाज बांधता येतो, खात्री नव्हे. तपकिरी रंग अनेक जनुकांच्या मेळाने ठरतो, म्हणून त्याची छटा पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच गडद होते. फ्रान्सची मारां ही त्या दृष्टीने प्रसिद्ध जात. एक कोंबडा व चार कोंबड्या एवढ्याच समूहात पैदास चालू ठेवल्यास सैद्धांतिक गणिताने दर पिढीला अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात पैदास) सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. मुंबईच्या खुराड्यात हा आकडा रंगापेक्षा महत्त्वाचा. बाहेरून नर आणणे टळत नाही.

देशी कोंबड्यांची अंडी बहुधा मलईच्या रंगापासून फिकट तपकिरीपर्यंत असतात. कडकनाथचे मांस काळे असते. अंडे काळे असते ही केवळ समजूत. व्हाइट लेगहॉर्नच्या पांढऱ्या अंड्यांनी बाजार भरल्यामुळे शहरात तपकिरी म्हणजे गावठी असे समीकरण रुजले. ते खरे नाही, कारण ऱ्होड आयलंड रेडसारख्या विदेशी जातीही तपकिरीच अंडी देतात.

स्वभावाचा अभ्यास त्या मानाने थोडा. स्वीडनमध्ये तांबड्या रानकोंबड्यांतून माणसाला कमी बुजणारे पक्षी निवडत गेल्यावर काही पिढ्यांतच शरीर मोठे व त्या मानाने मेंदू लहान झाल्याचे आढळले. म्हणजे भीती अंशतः आनुवंशिक आहे. पहिल्या दोनतीन दिवसांत पिल्ले हाताळल्यासही फरक पडतो. असील या झुंजीच्या देशी जातीचा कोंबडा आपल्या जातभाईंशी झुंजतो, माणसाशी सहसा शांत असतो. कोचीन व सिल्की या जाती माणसाळलेल्या. पण त्या वारंवार खुडूक होतात, आणि तेवढे दिवस अंडी बंद.

गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. परसातल्या कोंबड्यांना मुख्य धोका मानमोडी (राणीखेत) या विषाणुजन्य रोगाचा. लासोटा लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला.