पहिल्या वर्षाची पोरं आणि धीर धरणारे कोच: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा सीझन नोव्हेंबरात सुरू होतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत जवळपास प्रत्येक टीमच्या चाहत्यांचा एकच सूर लागलेला असतो, की तो नवीन पोरगा, ज्याचं एवढं कौतुक ऐकलं होतं, तो काही चालत नाहीये, बसवा त्याला बेंचवर. पोरगा असतो अठरा वर्षांचा. फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा. शाळेत असताना तो सगळ्यांपेक्षा उंच, सगळ्यांपेक्षा जोरात पळणारा, बॉल सतत त्याच्याच हातात. इथे समोर बावीस-तेवीस वर्षांचे बाप्ये उभे, अंगाने दुप्पट, आणि त्यात ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात बास्केटवर बॉल टाकायलाच हवा. हायस्कूलला अजूनही बऱ्याच राज्यांत शॉट क्लॉक वापरतच नाहीत, त्यामुळे घाईत योग्य निर्णय घ्यायची सवयच नसते. डिफेन्सचं तर विचारूच नका, आपला माणूस सोडून मदतीला कधी धावायचं आणि परत कधी फिरायचं हे अंगात मुरायलाच कित्येक महिने जातात.

ह्या पोरांना वेळ द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण हा वेळ देणं फक्त कोचच्या स्वभावावर आहे असं आपण धरून चालतो ना, ते इतिहास बघितला तर खरं नाही, कारण एक काळ असा होता की धीर धरणं हा चक्क नियम होता.

१९०६ साली आजच्या बिग टेन कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या एका गटाच्या, विद्यापीठांनी ठरवलं की खेळाडूने आधी एक वर्ष कॉलेजात काढायचं, अभ्यास करायचा आणि मग तीन वर्षं खेळायचं. तेव्हा भाडोत्री खेळाडूंचा सुळसुळाट होता, शिक्षणाशी काही संबंध नसलेली माणसं आज ह्या कॉलेजकडून तर उद्या त्या कॉलेजकडून (अमेरिकन) फुटबॉल खेळायची, त्याला आळा घालायला हे केलं. पुढे ही पद्धत इतरत्र पसरली आणि बास्केटबॉललाही लागू झाली. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात पोरं सैन्यात गेली म्हणून तेवढ्यापुरती सूट मिळाली, बाकी दशकानुदशकं पहिल्या वर्षाच्या पोराला मुख्य टीममध्ये, म्हणजे व्हर्सिटीत, जागाच नव्हती. त्यांची वेगळी फ्रेशमन टीम असायची, तिचा कोच वेगळा, मॅचेस वेगळ्या, बहुतेक वेळा मुख्य मॅचच्या आधी, अर्ध्या रिकाम्या स्टँडसमोर.

आता ह्या नियमाचा कळस बघायचा तर २७ नोव्हेंबर १९६५. यूसीएलए ह्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या नवीन पॉली पॅव्हिलियनमध्ये त्यांच्याच दोन टीम एकमेकांसमोर. एकीकडे कोच जॉन वुडन यांची व्हर्सिटी, १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतलेली, दुसरीकडे फ्रेशमन टीम, तिच्यात लू अल्सिंडॉर नावाचा न्यूयॉर्कचा सात फुटांहून उंच पोरगा, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. फ्रेशमन ७५-६० ने जिंकले. अल्सिंडॉरचे ३१ पॉइंट, २१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). म्हणजे देशातली सगळ्यात भारी टीम बहुधा हीच आणि तिला स्पर्धेत उतरायलाच बंदी! त्या वर्षी व्हर्सिटी १८-८ वर (१८ विजय, ८ पराभव) अडकली आणि राष्ट्रीय स्पर्धेतही पोचली नाही. मग अल्सिंडॉर व्हर्सिटीत आला आणि १९६७, १९६८, १९६९ अशी सलग तीन विजेतेपदं. पीट मॅराविचचं पण तेच. एलएसयू म्हणजे लुईझियाना स्टेटकडून त्याचे ३६६७ पॉइंट झाले ते फक्त तीन वर्षांत आणि थ्री-पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट मिळतात) नसताना, पहिलं वर्ष फ्रेशमन टीमकडे गेलं ते त्यात धरलेलंच नाही.

अशा खेळाडूंसाठी हा नियम अन्यायच होता, त्यात वाद नाही. पण अल्सिंडॉर किती निघतात हो? बाकीच्या शेकडो पोरांना ह्या नियमाने एक असं वर्ष दिलं जिथे चुका केल्या तरी पेपरात नाव येत नव्हतं, कोच पुढच्या मॅचच्या भीतीने त्यांना खाली बसवत नव्हता, आणि वसतिगृह, लेक्चर, परीक्षा ह्यात रुळायला वेळ मिळत होता. हे मला फार मोलाचं वाटतं.

हे सगळं बदललं जानेवारी १९७२ मध्ये. एनसीएए ह्या कॉलेज खेळांच्या संघटनेने मतदान घेऊन फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये फ्रेशमनना मुख्य टीमकडून खेळायची परवानगी दिली (इतर खेळांत ती १९६८ लाच मिळाली होती). मोठं कारण पैसा. वेगळी टीम, वेगळा कोच, वेगळा प्रवासखर्च, लहान कॉलेजांना हे झेपत नव्हतं. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, अजून एक बदल झाला ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तोपर्यंत स्कॉलरशिप चार वर्षांची देता यायची, ती आता एका वर्षाची केली, दर वर्षी नव्याने मंजूर करायची. म्हणजे एका बाजूला अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवसापासून मैदानात उतरवायची मुभा आणि दुसऱ्या बाजूला वर्षभरात काही करून दाखवलं नाही तर पुढच्या वर्षीची फी कोण भरणार ही टांगती तलवार. हे दोन निर्णय एकत्र बघितल्याशिवाय आजची घाई कळत नाही. एकापेक्षा जास्त वर्षांची स्कॉलरशिप परत द्यायला परवानगी मिळाली ती थेट २०१२ मध्ये.

नियम गेला तसा धीर धरायचं काम कोचवर आलं. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ ह्यात सगळ्यात ठाम. फ्रेशमनना पहिल्या वर्षी खेळवूच नये असं त्यांचं कायम मत होतं, आणि नियम त्यांच्या हातात नव्हता तरी स्वतःच्या टीममध्ये त्यांनी जमेल तेवढी ती शिस्त ठेवली. सिनिअरचा मान आधी, फ्रेशमनने सामान उचलायचं. १९८१ च्या नोव्हेंबरात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडला त्यांच्या पहिल्या पाच खेळाडूंचा फोटो कव्हरवर हवा होता, स्मिथ यांनी चारच दिले. पाचवा फ्रेशमन होता, त्याने अजून काही केलेलं नाही तर कव्हर कशाला. तो पाचवा म्हणजे मायकल जॉर्डन. त्याच सीझनच्या फायनलला जॉर्जटाउनविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत ६३-६२ करणारा शॉट त्याचाच. इथे लक्षात घ्या, स्मिथ यांनी जॉर्डनला बेंचवर सडवलं नाही, सुरुवातीपासून खेळवलं, शेवटचा शॉट त्याच्याकडे जाऊ दिला, फक्त त्याच्या डोक्यावर अपेक्षांचं ओझं वेळेआधी येऊ दिलं नाही.

कोणी म्हणेल की जॉर्डन तर जॉर्डनच. मग टिम डंकन घ्या. सेंट क्रॉई बेटावरचा पोहणारा मुलगा, १९८९ च्या ह्यूगो वादळात तिथला पूल गेला आणि तो उशिरा बास्केटबॉलकडे वळला. वेक फॉरेस्टकडून १९९३ मध्ये पहिली मॅच खेळला त्यात शून्य पॉइंट. एकही नाही. चार वर्षं तिथेच राहिला, डिग्री पूर्ण केली, आणि १९९७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या नंबरला गेला.

किंवा स्टेफ करी. २००६ चा नोव्हेंबर, डेव्हिडसन नावाचं छोटंसं कॉलेज, मोठ्या कॉलेजांनी ज्याला अंगाने बारीक म्हणून स्कॉलरशिप दिली नव्हती असा पोरगा, आणि ईस्टर्न मिशिगनविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये त्याच्याकडून १३ टर्नओव्हर. तेरा वेळा बॉल समोरच्याच्या हातात! कुठलाही चाहता त्या रात्री काय बोलला असता ते सांगायला नको. कोच बॉब मॅकिलॉप यांनी त्याला काढलं नाही. दुसऱ्याच मॅचला मिशिगनविरुद्ध त्याने ३२ पॉइंट केले. तेव्हा त्याला काढलं असतं तर त्यात कोणी चूकही म्हटलं नसतं, ही ह्यातली खरी भीतीदायक गोष्ट आहे, कारण अशी कितीतरी पोरं दुसऱ्याच मॅचला बेंचवर गेली असतील आणि आपल्याला त्यांची नावं कधीच कळणार नाहीत.

धीर धरायचा अजून एक मार्ग म्हणजे रेडशर्ट. खेळाडूला पाच वर्षं मिळतात, त्यातली चार खेळायची, मग एक वर्ष नुसता सराव करायचा, वजन वाढवायचं, सिस्टिम शिकायची. नाव आलं नेब्रास्काच्या फुटबॉलमधून, १९३७ मध्ये वॉरन अल्फसन नावाच्या खेळाडूने स्वतःहून एक वर्ष थांबायची परवानगी मागितली आणि तो नंबर नसलेला लाल शर्ट घालून सराव करायचा. बास्केटबॉलमध्ये ह्याचं सुंदर उदाहरण व्हर्जिनिया. तिथले कोच टोनी बेनेट यांनी डिआंड्रे हंटरला २०१६-१७ चं पूर्ण वर्ष रेडशर्ट ठेवलं. २०१८ मध्ये ती टीम यूएमबीसी नावाच्या कॉलेजकडून ७४-५४ अशी हरली, पहिल्या मानांकनाची टीम सोळाव्या मानांकनाकडून हरायची पुरुषांच्या स्पर्धेतली ती पहिलीच वेळ, सगळ्या देशाने टिंगल केली. टीमचा गाभा तसाच राहिला. २०१९ च्या फायनलला हंटरचे २७ पॉइंट आणि व्हर्जिनिया विजेता.

पण मधल्या काळात वारं उलट्या दिशेने वाहायला लागलं होतं. १९९१ मध्ये मिशिगनमध्ये पाच फ्रेशमन एकदम आले, वेबर, रोझ, हॉवर्ड, किंग, जॅक्सन, ज्यांना फॅब फाइव्ह म्हणतात, आणि फेब्रुवारी १९९२ पासून पाचही जण सुरुवातीला एकत्र उतरायला लागले आणि थेट फायनलला पोचले. हरले ड्यूककडून, पण लोकांना वाटायला लागलं की फ्रेशमन लगेच टीम चालवू शकतात. मग १९९५ ला केव्हिन गार्नेट, १९९६ ला कोबी ब्रायंट शाळेतून सरळ एनबीएत. २००५ च्या करारात एनबीएने किमान १९ वर्षं वय आणि शाळा सोडून एक वर्ष ही अट घातली, २००६ च्या ड्राफ्टपासून ती लागू झाली, आणि कॉलेज हे कित्येक चांगल्या पोरांसाठी फक्त एका वर्षाचा मुक्काम झालं. केंटकीने २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या जोरावर ह्याच पद्धतीने विजेतेपद घेतलं. आता एक वर्षच राहणार असलेल्या पोराला वेळ कुठला द्यायचा, आणि त्याला बघून चार वर्षं राहणाऱ्या पोराकडूनही लोक तेच मागायला लागले.

२०१५ मध्ये संपलेल्या सीझनचा शेवटचा आठवडा ह्या सगळ्याचं चित्रच आहे. केंटकी ३८-० वर होती, पहिल्या वर्षाच्या पोरांनी भरलेली. तिला हरवलं विस्कॉन्सिनने, ७१-६४. त्यांचा मुख्य खेळाडू फ्रँक कमिन्स्की, देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम, पहिल्या वर्षी त्याची सरासरी होती १.८ पॉइंट. मग फायनलला विस्कॉन्सिनला हरवलं ड्यूकने, तेही फ्रेशमनच्या जोरावर, पण मॅच फिरवली ती ग्रेसन ॲलनने, जो फ्रेशमन असूनही सीझनभर जेमतेम खेळला होता, सरासरी साडेचारच्याही खाली, आणि त्या रात्री १६. त्यालाही कोणीतरी वर्षभर तयार ठेवलं होतं ना.

त्याच वर्षी बिग टेनमध्ये फ्रेशमनना परत एक वर्ष थांबवायचं का अशी चर्चा झाली. पुढे काही झालं नाही.

आता तर धीर महागच झालाय. आधी कॉलेज बदललं की एक वर्ष बसावं लागायचं, त्यामुळे पोरगा रागाच्या भरात निघून जायच्या आधी दोनदा विचार करायचा. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१ मध्ये एकदा न बसता जायची मुभा मिळाली, २०२४ मध्ये कितीही वेळा. १ जुलै २०२१ पासून नाव आणि प्रतिमेचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे खेळाडूंना घेता यायला लागले, २०२५ पासून कॉलेजं स्वतः पैसे देतात. कोव्हिडच्या सीझनचं वर्ष मोजलं नाही म्हणून तर काही वर्षं तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडूही होते. ह्यात कोचने शाळकरी पोरगा घेऊन तीन वर्षं का घडवायचा, तयार माणूस पोर्टलमधून मिळतोय. आणि घडवला तरी तो दुसरीकडे जाणार नाही कशावरून. खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं, इतकी वर्षं त्यांच्या जिवावर बाकी सगळे कमवत होते, पण हा परिणाम झालाच. टोनी बेनेट २०२४ च्या ऑक्टोबरात, सीझन तोंडावर असताना, निवृत्त झाले, आताच्या ह्या वातावरणात आपण बसत नाही असं सांगून. मला ती बातमी फार लागली.

तरी पर्ड्यू आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे इंजिनिअरिंगला जातात, त्यामुळे ते नाव मराठी घरांत ओळखीचं. कोच मॅट पेंटर यांनी २०२२-२३ मध्ये ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर ह्या दोन फ्रेशमन गार्डना, म्हणजे बॉल हाताळणाऱ्या खेळाडूंना, सुरुवातीपासून खेळवलं, आणि मार्च २०२३ मध्ये ती टीम सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरली. त्या दोन पोरांवर काय काय टीका झाली! पेंटर यांनी गार्ड बदलले नाहीत आणि ती दोघंही निघून गेली नाहीत. झॅक ईडीपण थांबला, सात फूट चार इंचांचा टोरंटोचा मुलगा, उशिरा खेळायला लागलेला, पहिल्या वर्षी मॅचमागे जेमतेम पंधरा मिनिटं मिळायची, तो लागोपाठ दोनदा देशाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. एप्रिल २०२४ मध्ये हीच टीम फायनलला होती. कनेटिकटकडून ७५-६० हरली, ईडीचे ३७. स्मिथ २०२५ मध्ये बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बायकांच्या खेळात हे अजून बरं टिकून आहे, कारण डब्ल्यूएनबीएत, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये, अमेरिकन मुलींना साधारण चार वर्षं कॉलेज झाल्यावरच जाता येतं. केटलिन क्लार्क आयोवात चार वर्षं खेळली आणि २०२४ मध्ये मॅराविचचा पॉइंटचा आकडा तिनेच मागे टाकला. पुरुषांच्या बाजूला २०२५ मध्ये प्रत्येक खेळाडूला सरळ पाच वर्षांत पाच सीझन खेळू द्यावेत अशी चर्चा सुरू झाली. तसं झालं तर रेडशर्टला काही अर्थ उरत नाही, आणि अठरा वर्षांच्या पोरासमोर तेवीस वर्षांचा खेळाडू कायमचाच उभा राहील.