बोर्डाला उचकी लागते तेव्हा

12 व्होल्ट घेऊन 5 व्होल्ट देणारा, 3 अँपिअरचा एक छोटा बोर्ड टेबलावर आहे. नवी पॉवर सप्लाय चिप पारखून बघता यावी म्हणून कंपन्या असे तयार इव्हॅल्युएशन बोर्ड देतात. लोड, म्हणजे बोर्डातून घेतला जाणारा प्रवाह, हळूहळू वाढवत नेला. 2.7 अँपिअरपर्यंत सगळं सुरळीत. 2.8 ला मात्र मीटरवरचा 5 चा आकडा कोसळला, पुन्हा वर आला, पुन्हा कोसळला. कान जवळ नेला तर बारीक टिकटिकही ऐकू येते.

याला हिकप मोड म्हणतात. चिपला प्रवाह मर्यादेबाहेर गेल्याचं दिसतं, ती स्विच बंद करते, काही मिलिसेकंद थांबते, मग परत सुरू करून बघते. कारण तसंच असेल तर परत उचकी. अशा वेळी चिप खराब निघाली असं म्हणून ती बदलायला घेण्याची घाई होते. माझ्या मते आधी एकच प्रश्न विचारावा: चिपने नेमका कोणता प्रवाह पाहिला?

कारण बाहेर लोडला जाणारा प्रवाह ती सहसा पाहतच नाही. अशा बक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमध्ये, स्विच सेकंदाला, समजा, 5 लाख वेळा उघडझाप करतो. चालू असताना इंडक्टरमधला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह चढतो, बंद असताना उतरतो. म्हणजे आत प्रवाह करवतीच्या दात्यांसारखा असतो आणि बाहेर मिळते ती त्याची सरासरी. बऱ्याच चिप्स लक्ष ठेवतात ते दात्याच्या टोकावर.

हिशेब करून बघू. एक आवर्तन 2 मायक्रोसेकंदांचं, त्यात स्विच सुमारे 0.83 मायक्रोसेकंद चालू. तेवढा वेळ इंडक्टरवर 12 वजा 5, म्हणजे 7 व्होल्ट. इंडक्टर 4.7 मायक्रोहेन्रीचा असेल तर प्रवाह साधारण 1.24 अँपिअर चढतो. सरासरी 3 असेल तर टोक 3.62 वर. चिपची मर्यादा 4 अँपिअर असेल तर हे निभावतं.

आता इंडक्टर बदलला असं धरा. आपल्या डिझाइनमध्ये बसावा म्हणून कुणीतरी आकाराने लहान लावला. वर छापलेला आकडा तोच, 4.7. पण प्रवाह वाढला की त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो, म्हणजे सॅच्युरेट होतो, आणि इंडक्टन्स घसरतो. तो निम्म्यावर आला तर चढ दुप्पट, सुमारे 2.5 अँपिअर. ढोबळ हिशेबाने लोड 2.75 च्या आसपास असतानाच टोक 4 ला टेकतं. मीटर 2.8 दाखवतो, चिप 4 पाहते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि ते बघण्यासारखं आहे. इंडक्टरचं एक टोक सोडवून मध्ये वायरीचा लहानसा फास जोडायचा, त्यावर करंट प्रोब अडकवायचा. निरोगी इंडक्टरचा चढ पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसतो. सॅच्युरेट होणाऱ्याचा चढ अर्ध्या वाटेपर्यंत सरळ जातो आणि शेवटी चोचीसारखा एकदम वर वळतो. ती चोच दिसली की चिपवरचा संशय सोडावा. फेराइटचा गाभा तापला की हे आणखी लवकर होतं, म्हणून बोर्ड थंड असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नये.

बोर्ड सुरू होतानाच उचकी लागत असेल तर आउटपुटचे कपॅसिटर बघावेत. 1000 मायक्रोफॅरड 1 मिलिसेकंदात 5 व्होल्टपर्यंत भरायचे तर त्यालाच 5 अँपिअर लागतात. लोड जोडलेला नसला तरीही. सॉफ्ट स्टार्टचा, म्हणजे आउटपुट हळूहळू चढवण्याचा, वेळ 10 मिलिसेकंद केला की तोच प्रवाह अर्ध्या अँपिअरवर येतो.

इनपुटची बाजूही तपासावी, कारण कधी कधी प्रवाह अडवणारा बोर्ड नसतोच. 5 व्होल्टला 3 अँपिअर म्हणजे 15 वॅट; 90 टक्के कार्यक्षमता धरली तर 12 व्होल्टच्या बाजूने सुमारे 1.4 अँपिअर लागणार. टेबलावरच्या सप्लायची मर्यादा 1.2 ला ठेवली असेल तर त्याचा व्होल्टेज खाली येतो. बोर्डावरच्या स्विचिंग सप्लायला तेवढीच पॉवर हवी असते, त्यामुळे व्होल्टेज कमी झाला की तो आणखी जास्त प्रवाह ओढतो, व्होल्टेज आणखी पडतो, आणि शेवटी चिप बंद होते. लांब, बारीक वायरीही या घसरणीला हातभार लावतात. मीटर सप्लायच्या टर्मिनलवर न लावता बोर्डाच्या इनपुटवर लावला की हे लगेच कळतं.

प्रवाह मोजायला वेगळा शंट, म्हणजे अगदी कमी रोधाचा रेझिस्टर, वापरणाऱ्या बोर्डांत मात्र फार जपून काम करावं लागतं. 10 मिलीओहमच्या शंटवर 4 अँपिअरला जेमतेम 40 मिलीव्होल्ट मिळतात. बोर्डावरच्या नेहमीच्या जाडीच्या तांब्याच्या पट्टीचा, म्हणजे ट्रेसचा, एक चौरस तुकडा साधारण अर्धा मिलीओहम असतो. मोजणाऱ्या तारा शंटच्या अगदी पायाशी न जोडता असे दोन चौरस सोडून जोडल्या तर चिपला प्रवाह 10 टक्के जास्त वाटतो, आणि मर्यादा 4 ऐवजी सुमारे 3.6 वरच लागू होते. शंट काढून पुन्हा सोल्डर केला असेल तर मी आधी तो सांधा भिंगाखाली बघतो.