ठळक तिरपा सॅन्स-सेरिफ टंक

ठळक तिरपा सॅन्स-सेरिफ टंक म्हणजे जाड रेघांचा, उजवीकडे झुकलेला आणि रेघांच्या टोकांना सेरिफ (म्हणजे टोकाशी काढलेली छोटी आडवी रेघ) नसलेला अक्षरसंच. मथळा, पोस्टर, वेष्टन, बोधचिन्ह अशा मोठ्या आकारातल्या मोजक्या शब्दांसाठी तो वापरतात. सलग मजकुराला तो चालत नाही, कारण रेघा जाड असल्याने अक्षरांतल्या पोकळ्या आधीच अरुंद असतात आणि लहान आकारात त्या पार बुजतात.

तिरपेपणा यातला सर्वांत जुना गुण. व्हेनिसचा मुद्रक आल्दस मानुशियस याच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने इटॅलिक, म्हणजे हस्ताक्षरासारखी तिरपी अक्षरे कोरली आणि १५०१ मध्ये त्यांत आख्खे पुस्तक छापले गेले. सेरिफ नसलेला छपाईचा टंक मात्र विल्यम कॅस्लन चौथा याच्या १८१६ च्या सुमाराच्या नमुन्यात प्रथम दिसतो. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती.

इटॅलिक आणि ऑब्लिक यांची गल्लत नेहमी होते. इटॅलिकचे मूळ हस्ताक्षरात आहे, त्यामुळे काही अक्षरांची घडणच बदलते. ऑब्लिकमध्ये उभ्या अक्षराचाच सांगाडा झुकवलेला असतो. ठळक सॅन्स-सेरिफ टंकांत बहुधा ऑब्लिकच आढळते; हेल्वेटिका या टंकाच्या ऑब्लिकचा कल १२ अंशांचा आहे. पॉल रेनरच्या १९२७ च्या फ्युचुरा कुळातला (कुळ म्हणजे एकाच घडणीच्या टंकांचा संच) ठळक ऑब्लिक तर एका कलावंताची ओळखच बनला : बार्बरा क्रुगरच्या कृष्णधवल छायाचित्रांवरच्या लाल पट्ट्यांतली पांढरी अक्षरे त्याच टंकातली.

धातूचे खिळे जुळवून छपाई करण्याच्या काळात तिरपे अक्षर अडचणीचे असे. खिळ्याचे अंग चौकोनी, त्यामुळे झुकलेल्या अक्षराभोवती एक तर नको तेवढी जागा सुटे, नाही तर त्याचे टोक अंगाबाहेर येऊन छपाईत तुटे. संगणकावर हे काम क्षणात होते. खरी चूक इथूनच सुरू होते.

उभे अक्षर नुसते ढकलून तिरपे केले की रेघांची जाडी बिघडते. कलाच्या दिशेने जाणाऱ्या रेघा ताणल्या जाऊन बारीक होतात, तर उलट दिशेच्या रेघा आखडून जाड होतात. रोमन ‘ओ’ डावीकडे वर आणि उजवीकडे खाली रोडावतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत फुगतो. ‘एस’चा मधला कणा जडावतो. ‘ए’चा डावा पाय लांब व किडकिडीत होतो, उजवा उभा राहू लागतो. बारीक टंकात हे खपून जाईल; ठळक टंकात, तेही फलकाच्या आकारात, नजरेला खुपतेच. म्हणून जाणता टंककार आधी झुकाव देतो आणि मग प्रत्येक वळण हाताने दुरुस्त करतो. ही दुरुस्ती टाळलेली अक्षरे ‘तिरपा टंक’ म्हणून विकली जाऊ नयेत. कुळात तिरपा टंक नसेल तर ब्राउझरही उभ्या अक्षरांना असाच धक्का देतो. २०१६ मध्ये आलेल्या व्हेरिएबल फाँटच्या, म्हणजे एकाच फाइलमधून टंकाची अनेक रूपे देण्याच्या तंत्रात जाडी आणि कल हे दोन स्वतंत्र अक्ष ठेवता येतात, त्यामुळे टंककाराने टोकाच्या स्थिती नीट रेखाटल्या तर मधल्याही नीट उतरतात.

देवनागरीत इटॅलिकची स्वतंत्र परंपरा नाही, त्यामुळे तिरपे ठळक अक्षर इथे पूर्णपणे टंककाराच्या जबाबदारीवर येते. शिरोरेखा आडवीच राहते, काने झुकतात. रेघेवरच्या मात्रा आणि अनुस्वार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षराच्या वेलांटीला भिडतात, खालचे उकार डावीकडे जातात. जाडीमुळे मोकळी जागा आधीच कमी, म्हणून प्रत्येक मात्रेची जागा नव्याने बसवावी लागते.