ट्रेकच्या फाइलीचा कोड यंत्राकडून लिहून घेताना

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जीपीएक्स फाइली, म्हणजे जीपीएसने नोंदवलेल्या वाटा, फिरत असतात. अॅपमध्ये उघडली की कळसूबाईची वाट नकाशावर रेघ होऊन दिसते. तीच फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर आत निव्वळ एक्सएमएल, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण (टॅग) लावलेला मजकूर: एकेका बिंदूचे अक्षांश-रेखांश, बहुधा उंची आणि वेळ. वेळ यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक प्रमाणवेळेची असते, त्यामुळे सकाळी सहाला पायथा सोडणारा गडी फाइलीत रात्री साडेबाराला निघालेला दिसतो.

ही फाइल वाचणारा प्रोग्रॅम लिहायचा, तर पहिला मोह असतो तो उंचीचा टॅग शोधून मधला मजकूर उचलण्याचा. एका जीपीएस घड्याळाच्या फाइलीवर ते झकास चालतं. दुसऱ्या घड्याळाने उंची नोंदवलेलीच नसते आणि प्रोग्रॅम आडवा होतो. टॅगच्या नावात एक अक्षर चुकलं तर आणखी वाईट, कारण तेव्हा काहीच मोडत नाही. उंची फक्त कधीच सापडत नाही.

खरं तर फाइलीत काय असू शकतं हे आधीच लिहून ठेवलेलं आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा ही अशा फाइलींचे नियम लिहायची भाषा प्रमाणित केली आणि २००४ च्या जीपीएक्स १.१ चा स्कीमा, म्हणजे नियमावली, त्याच भाषेत आहे. अक्षांश हवाच, तो उणे ९० ते ९० मध्ये हवा. उंची असली तर असली. आणि उंची वेळेच्या आधीच यायला हवी, असे नियम त्यात आहेत. हे सगळं यंत्राला वाचता येतं. मग माणसाने तेच पुन्हा कोडमध्ये का टाइप करावं?

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत, एक्सएमएल हाताळणाऱ्या जॅक्सबीसोबत येणारं एक्सजेसी हे टूल तेच काम करतं. त्याला स्कीमा द्या, ते क्लास, म्हणजे माहिती साठवायचे कोडमधले साचे, लिहून देतं. बिंदूचा एक क्लास, मार्गाचा एक, आत मार्गाच्या तुकड्यांची यादी. आता उंचीचं नाव चुकलं तर कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालण्याआधीच अडतो. चूक टेबलावरच सापडते, डोंगरावर नाही. उंची नसेल तर तिथे नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतो, तो मात्र आपणच तपासायचा. फाइल लिहिताना तर खरी चैन. वेळ आधी भरा, उंची नंतर भरा, फाइलीत ती स्कीमातल्या क्रमानेच उतरते, कारण तो क्रम क्लासच्या डोक्यावर नोंदलेला असतो.

गंमत होते ती सॅटेलाइट फिक्सच्या, म्हणजे उपग्रहांवरून जागा कशी ठरली याच्या, प्रकारात. तिथे पाचच किंमती चालतात, त्यातल्या दोन ‘२डी’ आणि ‘३डी’. जावात कुठलंही नाव आकड्याने सुरू होत नाही. त्यामुळे एक्सजेसी पाच पर्यायांची नेटकी यादी बनवत नाही, साधी स्ट्रिंग, म्हणजे कुठलाही मजकूर चालणारी जागा, देऊन मोकळं होतं.

घड्याळ कंपन्या हृदयाचे ठोके वगैरे ‘एक्स्टेन्शन्स’ या जादा माहितीच्या टॅगमध्ये घालतात. तिथे स्कीमा इतर नेमस्पेसचं, म्हणजे दुसऱ्या कुणी ठरवलेल्या टॅगांचं, काहीही चालवून घेतो, म्हणून तयार क्लासलाही आत काय आहे ते ठाऊक नसतं. कंपनीचा वेगळा स्कीमा मिळाला तर त्याचेही क्लास काढावेत. नाहीतर ते टॅग हाताने चाळणं आलंच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. क्लास स्कीमावरून निघाले म्हणून वाचताना नियम तपासले जातातच असं नाही. फाइल वाचणाऱ्या ऑब्जेक्टला (कोडच्या तुकड्याला) स्कीमा वेगळा जोडावा लागतो. तो नसेल तर ९५ अंश अक्षांशही बिनबोभाट आत येतो.

जोडला तरी सगळं पकडलं जात नाही. कळसूबाई साधारण १९.६ उत्तर, ७३.७ पूर्व. हे दोन आकडे उलटे पडले तर शिखर नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जातं आणि स्कीमाच्या लेखी ते अगदी नियमात असतं. ‘हा बिंदू महाराष्ट्रात आहे का?’ असं विचारणाऱ्या चार ओळी आपल्यालाच लिहाव्या लागतात. त्या वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात. एक्सजेसी प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर बजावून ठेवतं की स्कीमा पुन्हा कंपाइल केला की इथले बदल जातील, आणि ते खरोखरच जातात.